फुकटात उतरवलेलं अ‍ॅनिमे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्वतः कधीकाळी अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, फुकटात मिळावं म्हणून रात्रभर टॉरेंट (एकमेकांच्या संगणकांवरून फाइल उतरवायची पद्धत) लावून झोपणाऱ्यांपैकी. सकाळी उठून पाहावं तर डाउनलोड ९८ टक्क्यांवर अडकलेलं आणि सीडर, म्हणजे पूर्ण फाइल पुढे देणारे, शून्य. तेव्हा हे लिहिणारा काही धुतल्या तांदळासारखा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी एक एपिसोड उतरवला, तर नेमके कुणाचे पैसे बुडतात?

त्यासाठी अ‍ॅनिमेत पैसा येतो कुठून ते बघावं लागेल. बहुतेक टीव्ही मालिकांमागे एक ‘प्रॉडक्शन कमिटी’ असते. मांगाचा (जपानी कॉमिक्सचा) प्रकाशक, म्युझिक कंपनी, खेळणी बनवणारे, टीव्ही वाहिनी, वितरक अशी मंडळी वर्गणी काढून मालिका उभी करतात आणि नफा-तोटा वर्गणीच्या प्रमाणात वाटून घेतात. प्रत्यक्ष चित्रं काढणारा स्टुडिओ बऱ्याचदा या वर्गणीत नसतोच. तो ठरलेल्या रकमेत काम करून देतो आणि मोकळा होतो. रात्री उशिराच्या प्रक्षेपणासाठी तर कमिटीच वाहिनीला पैसे मोजते. थोडक्यात, टीव्हीवर दिसणारी मालिका ही एक लांबलचक जाहिरात असते आणि कमाई नंतर होते. पूर्वी ती डिस्कमधून व्हायची. दोन एपिसोडच्या एका डिस्कला सहा-सात हजार येन मोजणारे निष्ठावंत जपानात होते, त्यांच्या जिवावर हा गाडा चालायचा. आता डिस्कची जागा मोठ्या प्रमाणात स्ट्रीमिंगच्या हक्कांनी घेतली आहे, विशेषतः जपानबाहेरच्या.

म्हणजे तुमच्या डाउनलोडचा पहिला धक्का बसतो तो परदेशातले हक्क घेणाऱ्या कंपनीला. ती कमिटीला सहसा एक किमान रक्कम आगाऊ देते, आणि कमाई त्यापलीकडे गेली तर वरचा वाटा देते. पुढच्या मालिकेसाठी किती मोजायचे, हे ती मागच्या मालिकेच्या आकड्यांवरून ठरवते. तुम्ही मालिका पाहिली, डोक्यावर घेतली, चार जणांना बघायला लावली, पण हजेरीपटावर तुमचं नाव नाही. माझ्या मते बुडालेल्या पैशांपेक्षा ही न लागलेली हजेरी जास्त महागात पडते.

म्हणजे अ‍ॅनिमेटर उपाशी राहतो तो माझ्यामुळे?

नाही. पायरसीविरोधी जाहिरातींत हे चित्र हमखास रंगवलं जातं, पण ते सरळ नाही. ओसामू तेझुका यांच्या स्टुडिओने १९६३ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ टीव्हीवर आणलं तेव्हा एपिसोड खर्चापेक्षा कमी किमतीत विकले आणि तूट इतर मार्गांनी भरून काढली. स्वस्तात अ‍ॅनिमे करून द्यायची सवय तिथपासूनची, असं अनेक जण मानतात. इंटरनेट तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

जपानमधल्या अ‍ॅनिमेटरांच्या संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सरासरी वार्षिक कमाई सुमारे ३३ लाख येन निघाली. दोन मुख्य चित्रांमधली जोडचित्रं काढणारे नवखे मात्र वर्षाला जेमतेम ११ लाख येनवर होते. या कामाचे पैसे चित्रामागे मिळतात आणि एका चित्राला साधारण २०० येन हा दर वर्षानुवर्षं ऐकू येतो. उद्या जगातली सगळी पायरसी थांबली तरी हा दर आपोआप वाढणार नाही, कारण वाढीव पैसा आधी कमिटीकडे जाईल. कमिटीत स्टुडिओचा वाटा असेल तरच त्याची झुळूक खाली पोचेल. २०२२ च्या ‘चेनसॉ मॅन’चा सगळा खर्च मापा या स्टुडिओने स्वतः उचलला, त्याची एवढी चर्चा झाली ती याचसाठी. धोका स्टुडिओचा, पण मिळकतही स्टुडिओची.

मात्र याचा अर्थ ‘पैसे खाली पोचतच नाहीत, मग मी का देऊ’ असा काढू नका. झिरपणारं पाणी कमी आहे म्हणून टाकीच रिकामी करण्यासारखं आहे ते.

उद्योग तर विक्रमी कमाई करतोय. मग रडारड कशाला?

कमाई विक्रमी आहे हे खरंच. जपानी अ‍ॅनिमेशन संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये अ‍ॅनिमेची एकूण बाजारपेठ सुमारे ३ लाख ३५ हजार कोटी येन होती. त्यातले सुमारे १ लाख ७२ हजार कोटी येन जपानबाहेरून आले, म्हणजे निम्म्याहून जास्त. ही बाजारपेठ तिकिटं, खेळणी, कपडे, स्ट्रीमिंग असं सगळं धरून मोजलेली आहे. स्टुडिओच्या हाती त्यातला लहानसा भाग लागतो.

मला यात वेगळीच गंमत दिसते. वीस वर्षांपूर्वी परदेशातला प्रेक्षक म्हणजे वरकड कमाई होती. त्याने फुकट पाहिलं तरी टोकियोत कुणाची झोप उडत नव्हती. आता तोच मुख्य गिऱ्हाईक झालाय. जुन्या सवयीला जुनी सबब आता पुरत नाही.

वर्षाला दोन लाख कोटी येनचं नुकसान होतं म्हणतात. खरं का?

हा आकडा कोडा या संस्थेचा. जपानी आशयाची परदेशातली चोरी रोखण्यासाठी ती २००२ मध्ये स्थापन झाली. तिने २०२२ या वर्षासाठी ऑनलाइन पायरसीचं नुकसान साधारण दोन लाख कोटी येनच्या घरात मांडलं. त्यात एकटं अ‍ॅनिमे नाही, मांगा, चित्रपट, संगीत, गेम्स असं सगळं आहे.

असे आकडे वाचताना एक प्रश्न मनात ठेवावा: फुकट पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी पैसे देऊन पाहिलं असतं? सगळ्यांनी, असं धरलं तर आकडा फुगतो. कुणीच नाही, असं धरलं तर शून्य होतो. तात्सुओ तानाका या जपानी अर्थशास्त्रज्ञांचा २०११ चा अभ्यास इथे बोलका आहे. टीव्ही अ‍ॅनिमेच्या शंभरावर एपिसोडची माहिती तपासल्यावर त्यांना दिसलं, की यूट्यूबवर चोरून टाकलेल्या एपिसोडमुळे डीव्हीडीचं भाड्याने जाणं कमी होत नाही, विक्री तर उलट वाढलेली दिसते. पण विनी या जपानी फाइल-शेअरिंग प्रोग्रॅममुळे भाड्याच्या डीव्हीडींना फटका बसत होता, विक्रीला नाही. झलक बघून माणूस दुकानात जातो. पूर्ण, स्वच्छ फाइल हाती आली की भाड्याने कशाला आणेल?

हा अभ्यास अनेकदा ‘पायरसीने फायदाच होतो’ म्हणून नाचवला जातो. तो डीव्हीडीच्या काळातला आणि जपानच्या बाजारपेठेचा आहे. महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या आजच्या धंद्याला तो जसाच्या तसा लावता येत नाही. तिथे ‘झलक’ आणि ‘माल’ या दोन वेगळ्या गोष्टी उरलेल्याच नाहीत.

पण अ‍ॅनिमे जगभर पोचलं ते पायरसीमुळेच ना?

बऱ्याच अंशी हो, आणि हे मान्य करायला उद्योगाला अजूनही जड जातं.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या विद्यापीठांतले अ‍ॅनिमे क्लब जपानी लेझरडिस्क आणि टेप मिळवायचे, संगणकाच्या मदतीने त्यांवर सबटायटल चढवायचे आणि व्हीएचएस कॅसेटवर उतरवायचे. हेच फॅनसब. हवं असेल त्याने कोरी कॅसेट आणि परतीच्या टपालाचा खर्च पाठवायचा, काही आठवड्यांनी भरलेली कॅसेट घरी. कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी, असं होत होत चित्र इतकं पुसट व्हायचं की पात्रांचे केस कोणत्या रंगाचे यावर वाद झडत. पडद्यावर मात्र एक ओळ ठळक असे: हे विक्रीसाठी किंवा भाड्याने देण्यासाठी नाही. एक अलिखित नियमही होता. मालिकेचे हक्क कुणी अधिकृतपणे घेतले की फॅनसब वाटणं बंद. सगळे पाळत असं नाही, पण न पाळणाऱ्याची चारचौघांत लाज जाई.

हा नियम टिकला याचं कारण नीतिमत्तेइतकंच तंत्रातही होतं. कॅसेट कॉपी करायला वेळ लागतो, पदरचे पैसे जातात, दर्जा घसरतो. २००१ मध्ये बिटटॉरेंट आलं आणि तिन्ही अडथळे एकदम गेले. जपानात प्रक्षेपण झाल्यावर दुसऱ्या दिवशी, कधी काही तासांत, सबटायटलसकट स्वच्छ फाइल जगभर. हक्क जाहीर होईस्तोवर अख्खी मालिका लोकांच्या हार्ड डिस्कवर पोचलेली असे. आता ‘बंद करा’ म्हणून काय बंद करणार?

पुढचं वळण तर कादंबरीत शोभेल असं. २००६ मध्ये बर्कलीहून पदवी घेतलेल्या काही तरुणांनी एक साइट काढली, जिच्यावर लोक बिनपरवाना एपिसोड चढवत. २००८ मध्ये तिला गुंतवणूकदार मिळाले. ज्यांनी रीतसर पैसे मोजून हक्क घेतले होते त्यांचा संताप झाला, आणि तो रास्तच होता. मग २००९ च्या जानेवारीत तिने टीव्ही टोकियोशी करार करून ‘नारुतो शिपुदेन’ जपानच्या पाठोपाठ दाखवायला सुरुवात केली आणि बिनपरवाना माल काढून टाकला. ‘नारुतो’चं सर्वात गाजलेलं फॅनसब करणाऱ्या दात्तेबायो या गटाने त्याच सुमारास ती मालिका सोडली. साइटचं नाव क्रंचीरोल. २०२१ मध्ये सोनीने ती ११७ कोटी ५० लाख डॉलरना घेतली.

म्हणून ‘पायरसीने बाजारपेठ उभी केली’ हे म्हणणं मला पटतं. बाजारपेठ उभी राहिल्यावरही तोच युक्तिवाद चालवणं पटत नाही.

त्या काळात कुणी बुडालं का?

बुडालं. अमेरिकेतलं अ‍ॅनिमे डीव्हीडीचं जग २००७ ते २००९ मध्ये कोसळलं. जेनिऑनने २००७ मध्ये तिथला गाशा गुंडाळला, सेंट्रल पार्क मीडिया २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्याच वर्षी एडीव्ही फिल्म्सची मालमत्ता विकली गेली. दोष एकट्या टॉरेंटचा नव्हता. तेजीच्या दिवसांत हक्कांसाठी अवाच्या सवा बोली लागल्या होत्या, म्युझिकलँड ही दुकानांची साखळी २००६ मध्ये दिवाळखोरीत गेल्याने विक्रीची मोठी जागा गेली, आणि डीव्हीडीच एकूण उतरणीला लागली होती. पण आधीच गळणाऱ्या होडीला फुकट फाइल्सनी आणखी एक भोक पाडलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

एपिसोड वेळेआधीच फुटला तर काय होतं?

हे डाउनलोडपेक्षा वाईट. २००९ च्या मे महिन्यात फनिमेशन ही अमेरिकी वितरक कंपनी ‘वन पीस’ जपानपाठोपाठ दाखवायला सुरुवात करणार होती. पहिलाच एपिसोड सर्व्हरवरून आधीच बाहेर फुटला आणि सगळा बेत थेट ऑगस्टच्या अखेरीपर्यंत लांबला. फोडणारे एखाद-दोन, खोळंबलेले सगळे. २०२४ च्या ऑगस्टमध्येही नेटफ्लिक्ससाठी काम करणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीतून ‘दांदादान’ आणि नव्या ‘रान्मा’सह अनेक मालिकांचे एपिसोड प्रदर्शनाच्या कितीतरी आधी फुटले.

अशा प्रकारानंतर जपानी कमिट्या भाषांतर करणाऱ्यांना साहित्य देताना हात आखडता घेतात. उशिरा मिळालेल्या, अर्धवट चित्रांवर भाषांतरकाराने काम करायचं, आणि मग सबटायटल वाईट म्हणून आपणच बोंब मारायची!

फॅनसब अधिकृत सबटायटलपेक्षा चांगले असतात का?

काही होते. गाण्याच्या ओळींना रंगीत अक्षरं, पाटीवरच्या मजकुराचं भाषांतर, विनोद कळावा म्हणून पडद्याच्या वरच्या बाजूला टीप. प्रेमाने केलेलं काम होतं ते. वाईटही चिक्कार होते, पण आपल्याला आठवतात ते चांगलेच. आज टॉरेंटवर फिरणाऱ्या बहुतेक फाइल्समध्ये अधिकृत सबटायटलच जसेच्या तसे काढून चिकटवलेले असतात. म्हणजे जे भाषांतर वाईट म्हणून तुम्ही पैसे देत नाही, तेच फुकटात वाचता.

टॉरेंट आणि फुकट स्ट्रीमिंग साइट यांत फरक काय?

टॉरेंटमध्ये तुम्ही नुसतं घेत नाही, घेता घेताच इतरांना देतही असता. ‘मी फक्त उतरवलं’ हा बचाव तांत्रिकदृष्ट्याच लंगडा आहे, कारण त्याच वेळी तुमच्या मशीनवरून तुकडे बाहेर जात असतात. आणि तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीची ओळख, त्या घोळक्यातल्या सगळ्यांना दिसतो.

फुकट स्ट्रीमिंग साइट हा वेगळाच प्राणी. तिथे पैसे आहेत, फक्त ते जाहिरातींतून साइटवाल्याकडे जातात. कॅसेट वाटणाऱ्या विद्यार्थ्याशी याचं काही नातं नाही. दुसऱ्याच्या मालावर स्वतःचं दुकान थाटलेलं आहे ते. किसअ‍ॅनिमे २०२० च्या ऑगस्टमध्ये बंद पडली, नाइनअ‍ॅनिमे नाव बदलून अ‍ॅनिवेव्ह झाली आणि २०२४ मध्ये संपली. प्रत्येक वेळी लोकांनी हळहळ व्यक्त केली आणि आठवडाभरात नव्या पत्त्यावर जाऊन बसले. वर्षानुवर्षं जपलेली ‘पाहिलेल्या मालिकांची यादी’ मात्र साइटबरोबर गेली. त्याचंच लोकांना जास्त दुःख होतं असं मी पाहिलंय.

व्हायरस वगैरे येतो का?

येऊ शकतो. खोटं डाउनलोड बटण, ‘प्लेअर अपडेट करा’ म्हणणारी खिडकी, एपिसोडच्या नावाने आलेली एक्झी (प्रोग्रॅम चालवणारी) फाइल. व्हिडिओ फाइल एक्झी नसते, एवढं लक्षात ठेवलं तरी बरेच वाचतात.

कायदा काय म्हणतो?

अ‍ॅनिमेच्या मायदेशात, म्हणजे जपानात, बेकायदा चढवलेला व्हिडिओ जाणूनबुजून उतरवणं २०१० पासून बेकायदा आहे. २०१२ च्या ऑक्टोबरपासून त्याला शिक्षाही आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २० लाख येनपर्यंत दंड. २०२१ पासून मांगाही नियमाखाली आला. प्रत्यक्षात पोलिसांचा रोख चढवणाऱ्यांवर आणि साइट चालवणाऱ्यांवर असतो. मांगामुरा ही फुकट मांगाची साइट चालवणाऱ्याला २०२१ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. इतर देशांत नियम वेगवेगळे आहेत, तुम्ही राहता तिथले पाहा.

मला हवी ती मालिका माझ्याकडे कुठेच अधिकृत मिळत नाही. मग?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. इथे मी फॅनच्या बाजूने झुकतो, लपवत नाही.

हक्क देशादेशांप्रमाणे विकले जातात. जिथे कुणी घेतले नाहीत तिथे मालिका पोचतच नाही. ‘लिजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज’ची ११० भागांची मूळ मालिका १९८८ ते १९९७ मध्ये आली, आणि इंग्रजीसाठी तिचे हक्क जाहीर व्हायला २०१५ उजाडलं. मधल्या काळात तिचं नाव जिवंत ठेवलं ते फॅनसबने. ‘मॅक्रॉस’ची कथा याहून कडू. १९८५ मध्ये अमेरिकेत ‘रोबोटेक’ नावाने तिची बदललेली आवृत्ती आली, त्यातून हक्कांची भांडणं लागली, आणि पुढच्या बहुतेक ‘मॅक्रॉस’ मालिका जपानबाहेर अधिकृतपणे पाहणं जवळपास अशक्य झालं. समझोता झाला २०२१ च्या एप्रिलमध्ये. इतकी वर्षं पैसे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दुकानच नव्हतं. त्याने फाइल उतरवली तर मी त्याला चोर म्हणणार नाही, कायदा काहीही म्हणो.

अधिकृत मार्गाने चालणाऱ्याची फसगतही होते. फनिमेशनचं अ‍ॅप २ एप्रिल २०२४ रोजी बंद झालं. डिस्कसोबत मिळालेल्या कोडने लोकांनी जमवलेल्या डिजिटल प्रती त्याच्या जागी आलेल्या क्रंचीरोलच्या अ‍ॅपमध्ये गेल्याच नाहीत. ‘विकत घेतलं’ या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न त्या दिवशी पायरसी न करणाऱ्यांनाच पडला.

पण या युक्तिवादाच्या आड लपू नका. चालू सीझनची सर्वात गाजलेली मालिका तुमच्या फोनवर अधिकृत अ‍ॅपमध्ये दिसत असताना ‘मॅक्रॉस’चं उदाहरण देणारे मला रोज भेटतात.

व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारी सोय) लावून पैसे भरून पाहिलं तर?

बहुतेक सेवांच्या अटींत ते बसत नाही. पैसे पोचतात, पण हजेरी चुकीच्या वर्गात लागते. तुमच्या देशात मागणी आहे हे कुणाला कळत नाही.

माझ्याकडे पैसेच नाहीत.

मग आधी फुकट आणि अधिकृत जे आहे ते संपवा. हक्कधारकांचे स्वतःचे यूट्यूब चॅनेल आहेत. आशियातल्या प्रेक्षकांसाठी म्यूज एशिया आणि अ‍ॅनी-वन एशिया यांनी पुष्कळ मालिका तिथे मोफत ठेवल्या आहेत. किंवा सीझन संपू द्या, एक महिन्याची वर्गणी भरा आणि तीन-चार मालिका एका दमात पाहा. स्पॉयलर खावे लागतील, त्याला इलाज नाही.

मी फुकट पाहतो, पण फिगर (पात्रांच्या छोट्या मूर्ती) आणि मांगा विकत घेतो. चालेल ना?

निव्वळ हिशेबाने पाहिलं तर एक खरी फिगर किंवा मांगाचे काही खंड यांतून कमिटीतल्या कुणाच्या तरी हाती महिन्याच्या वर्गणीपेक्षा जास्त पडत असतील. अट एकच: ती खरी हवी. संशयास्पद स्वस्त, नाक वाकडं असलेली फिगर ही पायरसीच आहे, फक्त प्लास्टिकची.

आवडत्या मालिकेचा दुसरा सीझन आला नाही, तो पायरसीमुळे?

बहुधा नाही. पुष्कळ मालिका मूळ मांगा किंवा कादंबरी खपावी म्हणूनच काढलेल्या असतात. ते काम बारा एपिसोडमध्ये झालं की कमिटीचा रस संपतो. काठावरच्या मालिकेचं मात्र वेगळं. तिथे परदेशातून किती लोकांनी पाहिलं हे कमिटी बघते, आणि तुमचं पाहणं तिथे नसतंच.

हार्ड डिस्कवर साठवलेल्या जुन्या फाइल्सचं काय करू?

मी माझ्या चाळल्या. निम्म्याहून जास्त मालिका आता अधिकृत मिळतात, त्या काढून टाकल्या. तशाही त्या दाणेदार चित्राच्या होत्या. चार-पाच अशा निघाल्या ज्या आजही कुठेच मिळत नाहीत. त्यांतल्या एकीच्या शेवटी तो फॅनसब गट बंद होत असल्याचा निरोप आहे, आपापल्या टोपणनावांनी सगळ्यांनी सही केलेला. ती फाइल अजून तिथेच आहे.